कोर्टाचं पाकीट आलं तर घाबरू नका, पण ठेवूनही देऊ नका

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भाकऱ्या उरकल्या असतील, कुणी अजून चुलीपुढं असेल, कुणी शेळ्या बांधत असेल. हात चालू द्या, कान इकडं असू द्या. आज मी तुम्हाला एका पाकिटाची गोष्ट सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आमच्या एका गटातल्या वहिनी मसाले आणि पापड करून विकतात. तालुक्याच्या गावापासून त्यांची वस्ती नऊ किलोमीटर आत. गटाच्या कर्जातून त्यांनी जुनी स्कूटी घेतली होती. सकाळी स्कूटीवर माल घेऊन तालुक्याला यायचं, एसटी स्टँडजवळच्या एका खासगी पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि पुढं एसटीनं जिल्ह्याच्या गावी जाऊन दुकानांना माल पोचवायचा. पार्किंगचा महिन्याचा पास ३०० रुपये. पास नसेल तर दिवसाला २० रुपये.

एके दिवशी गाडी लावून त्या माल द्यायला गेल्या आणि तिथंच फोन आला की आईला अर्धांगाचा झटका आलाय. तशाच त्या पुण्याला गेल्या. दवाखाना, मग माहेर, मग पुन्हा दवाखाना. पास संपून ९२ दिवस झाले तेव्हा कुठं त्या परतल्या. तीन महिन्यांचे ९०० होतात असा हिशेब करून १,००० रुपये घेऊन पार्किंगवर गेल्या. तिथला माणूस म्हणाला, पास संपला की रोजचे २० आणि वर रोजचा १०० रुपये दंड. म्हणजे ९२ दिवसांचे ११,०४० रुपये. टाका, नाहीतर गाडी हलणार नाही.

वहिनींनी हातापाया पडून पाहिलं. दवाखान्याचे कागद दाखवले. गाडी मिळाली नाही. त्या दिवसापासून मालाची पिशवी डोक्यावर घेऊन नऊ किलोमीटर. जीप मिळाली तर मिळाली. तीन दुकानांपैकी दोन सुटली.

पुढं महिन्याभरानं वकिलाची नोटीस आली. वहिनींनी ती उघडली, इंग्रजी दिसली, आणि गव्हाच्या डब्याखाली सारून ठेवली. मग आणखी दोन महिन्यांनी कोर्टाचा बेलिफ घरी आला. वहिनी बाजारात होत्या. सासूबाईंनी अंगठा दिला आणि कागद घेतला. तो कागदही डब्याखाली गेला. दाव्याची रक्कम होती २४,३४० रुपये. आधीचे ११,०४०, गाडी अडवल्यापासूनच्या ९० दिवसांचे रोज १२० प्रमाणे १०,८००, आणि नोटिशीचा खर्च २,५००.

हे सगळं आम्हाला कधी कळलं? गटाच्या बैठकीत वहिनींनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज केला तेव्हा. २५,००० रुपये. कारण विचारलं तर रडायलाच लागल्या. घरचे म्हणत होते, गंठण मोडा आणि मिटवा. आता माझी चूक ऐका. मी म्हटलं, "वहिनी, भरून टाका. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." अर्जावर सही करायला पेन काढलासुद्धा.

आमच्या गटाच्या सचिव ताई हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "थांबा. ३०० रुपये महिन्याच्या जागेचे २४,००० कसे झाले ते आधी मला सांगा. गटाचा पैसा आहे. कशासाठी देतोय ते कळायला नको?"

तो प्रश्न बरोबर होता. पायरी चढू नये ही म्हण आपणहून भांडायला जाणाऱ्यासाठी आहे. ज्याला कोर्टानं बोलावलंय त्यानं पायरी चढली नाही, तर त्याच्या मागं निकाल लागतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता जे कळलं ते तुम्हाला सांगते.

पहिलं काम: कागद ओळखा आणि तारीख लिहा

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स या दोन वेगळ्या गोष्टी. नोटीस म्हणजे समोरच्याचं म्हणणं, वकिलाच्या कागदावर. तिला उत्तर दिलं तर बरं असतं, पण तिच्यामुळं लगेच कुणी काही जप्त करू शकत नाही. समन्स मात्र कोर्टाचं असतं. त्यावर कोर्टाचा शिक्का, दाव्याचा नंबर, वादी म्हणजे दावा करणारा, प्रतिवादी म्हणजे आपण, आणि हजर राहायची तारीख असते. समन्ससोबत दाव्याची प्रत यायला हवी. नसेल तर मागून घ्यायची.

आणखी एक वेगळा कागद असतो, ई-चलान. ते वाहतूक पोलिसांचं, मोटार वाहन कायद्याखालचं. नो पार्किंगमध्ये गाडी लावली, सिग्नल तोडला, त्याचा तो सरकारी दंड. खासगी पार्किंगवाल्याचा कागद म्हणजे ई-चलान नव्हे, मग त्यावर कितीही मोठ्या अक्षरात दंड लिहिलेलं असू दे. तो एका माणसाचा दुसऱ्या माणसावरचा पैशाचा दावा. दिवाणी प्रकरण. त्यात अटक नाही, पोलीस वसुलीला येत नाहीत. "पोलीस घेऊन येतो" असं कुणी फोनवर म्हणालं तर घाबरायचं कारण नाही.

समन्स घरातल्या मोठ्या माणसानं घेतलं तरी ते आपल्याला मिळालं असं धरलं जातं. सासूबाईंनी अंगठा दिला म्हणजे बजावणी झाली. आणि घेतलंच नाही, दार लावून घेतलं, तर बेलिफ दारावर चिकटवून जातो, तीही बजावणी धरली जाते. म्हणून दारात आलेला कागद घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की घेतल्याबरोबर मला द्या.

मग त्या कागदाच्या कोपऱ्यात पेनानं लिहा, कुठल्या तारखेला मिळाला. कारण त्या दिवसापासून ३० दिवसांत आपलं लेखी म्हणणं कोर्टात द्यायचं असतं. त्याला कैफियत म्हणतात. योग्य कारण दाखवलं तर कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ते मागावं लागतं आणि कारण पटावं लागतं. वहिनींचे १९ दिवस डब्याखाली गेले होते. हातात उरले होते ११.

गेलंच नाही तर काय होतं

काहीच केलं नाही, तारखेला गेलो नाही, तर कोर्ट एकतर्फी दावा चालवू शकतं. समोरचा जे सांगेल तेवढंच कोर्टापुढं येतं आणि त्यावर हुकूमनामा होऊ शकतो. हुकूमनामा झाला की समोरचा वसुलीसाठी दरखास्त लावतो आणि ती १२ वर्षांपर्यंत लावता येते. आज गप्प बसलो म्हणून प्रकरण विसरलं जात नाही.

एकतर्फी निकाल झालाच असेल तरी सगळं संपलं असं नाही. तो रद्द करा असा अर्ज त्याच कोर्टात ३० दिवसांत करता येतो, पण न येण्याचं खरं कारण लागतं. समन्स नीट मिळालंच नव्हतं असं असेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस.

इथं दोन गोष्टी बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कुठल्याही स्त्रीला अटक करता येत नाही किंवा दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. आणि कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं. धर्माच्या रीतीप्रमाणं जो दागिना स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही, तोही. म्हणजे मंगळसूत्राची भीती घालणाऱ्याला हे कलम सांगा. बँकेतले पैसे, गाडी, इतर चीजवस्तू यांवर मात्र जप्ती येऊ शकते, म्हणून निर्धास्त राहू नका.

आमच्या गटातल्या बायकांनी विचारलं, "तिच्यावरचा दावा आपल्या बचतीवर येईल का?" नाही. गट त्या दाव्यात पक्षकार नव्हता. एकीच्या देण्यापायी दुसरीची बचत जात नाही.

वकील फुकट मिळतो, आणि तो तुमचा हक्क आहे

दुसऱ्या दिवशी मी, वहिनी आणि सचिव ताई तालुक्याच्या कोर्टात गेलो. तिथं आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. स्त्री असणं पुरेसं. अर्ज भरला, आधारची आणि समन्सची झेरॉक्स जोडली. पॅनेलवरच्या एक वकीलताई नेमून मिळाल्या. त्यांची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, हा खर्च समिती करते. कुणी वरून पैसे मागितले तर तिथंच समितीच्या कार्यालयात सांगायचं. कोर्ट लांब असेल तर १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर आहे. कागदावर लिहून घ्या. एक, पाच, एक, शून्य, शून्य.

वकीलताईंनी पहिला प्रश्न विचारला, "कागद काय काय आहेत?" आमच्याकडं पिशवीभर निघाले आणि त्यातले पाच कामाचे होते. एक, पार्किंगचा जुना पास. दोन, पासचे पैसे मोबाइलवरून भरल्याची नोंद. तीन, आईच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, तारखांसकट. चार, परतल्या त्या दिवशी वहिनींनी पार्किंगवाल्याला केलेला मेसेज, "पैसे आणलेत, गाडी द्या." पाच, तिथल्या दरफलकाचे फोटो. हे फोटो आम्ही त्याच संध्याकाळी काढले. बाहेरच्या फलकावर २० आणि ३०० एवढंच होतं. दंडाचा कागद आत केबिनमध्ये टेबलाच्या काचेखाली.

मोबाइलमधला फोटो, मेसेज पुरावा म्हणून चालतो, पण त्याच्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात. तुम्ही एवढंच करायचं, मूळ मोबाइलमधून ते पुसायचं नाही.

एक सूचना. जागा नगरपरिषदेची असेल आणि ठेकेदाराला चालवायला दिलेली असेल, तर ठेक्याच्या अटी आणि मंजूर दर माहितीच्या अधिकारात मागा. १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. मंजूर दरापेक्षा जास्त मागितलं असेल तर तो कागद फार कामाचा. आमच्या प्रकरणात जागा खासगी होती, म्हणून हा रस्ता नव्हता.

कैफियत कशी असते

दाव्याच्या प्रतीत समोरच्यानं एक, दोन, तीन असे परिच्छेद पाडून लिहिलेलं असतं. आपण प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचं. "सगळं खोटं आहे" एवढं मोघम लिहून चालत नाही. जे आपण स्पष्ट नाकारत नाही, ते मान्य आहे असं कोर्ट धरू शकतं. म्हणून वकीलताई एकेक परिच्छेद मराठीत वाचून सांगायच्या आणि वहिनींना विचारायच्या, "खरं की खोटं? खोटं तर खरं काय?"

गाडी त्या जागेत लावली होती. खरं. मान्य केलं. पास संपल्यावर ९२ दिवस गाडी तिथं होती. खरं. तेही मान्य केलं. घरच्या एका दादांचं म्हणणं होतं, "मान्य कशाला करायचं? म्हणा गाडी लावलीच नव्हती." वकीलताई म्हणाल्या, "गाडी आजही तिथं उभी आहे दादा. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या दहा ओळींवरचाही विश्वास जातो."

मग नाकारलेल्या गोष्टी. रोज १०० रुपये दंड देण्याचं प्रतिवादीनं कबूल केलं होतं, हे खोटं. पासवर तसं छापलेलं नाही, बाहेरच्या फलकावर नाही, कुणी तोंडी सांगितलेलं नाही. प्रतिवादीनं पैसे द्यायला नकार दिला, हेही खोटं. ती पैसे घेऊन गेली होती, त्या दिवशीचा मेसेज आहे. गाडी वादीनंच अडवली.

दंड कुणी लावायचा?

आता मुद्द्याची गोष्ट. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्याचं कलम ७४ असं सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम देईन असं लिहिलेलं असलं, तरी कोर्ट ती सगळी रक्कम डोळे झाकून देत नाही. वाजवी भरपाई देतं, आणि ती लिहिलेल्या रकमेहून जास्त असत नाही. म्हणजे १०० रुपयांचा आकडा छापलेला असता, तरी कोर्टानं विचारलं असतं की दिवसाला २० रुपये कमावणाऱ्या जागेचं १२० रुपयांचं नुकसान कसं झालं. आपल्या सचिव ताईंनी बैठकीत विचारलं तोच हा प्रश्न. फक्त तो कायद्यात दीडशे वर्षांपासून लिहिलेला आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

कलम ७३ मध्ये आणखी एक तत्त्व आहे. नुकसान मोजताना, ज्याचं नुकसान झालं त्याला ते कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, तेही पाहिलं जातं. वहिनी पैसे घेऊन दारात आल्या, त्या दिवशी यानं गाडी दिली असती तर जागा मोकळी झाली असती. यानंच गाडी अडवली आणि पुढच्या ९० दिवसांचं भाडं वर चढवलं. ते १०,८०० रुपये वहिनींनी का द्यावेत?

मला हे एका उदाहरणानं समजलं. शेजारणीनं माझ्या जात्यावर दळण ठेवलं. वेळेवर नेलं नाही, दोन आणे जास्त झाले, ते द्यायला ती तयार आहे. पण मी दळणाचा डबा माझ्याकडंच धरून ठेवला आणि रोज म्हणत राहिले की माझी जागा अडली, तर ती जागा अडवली कुणी?

वकीलताईंनी तिसरा मुद्दाही घेतला. गाडी आणि तिचा ताबा पार्किंगवाल्याकडं होता, तेव्हा तिची वाजवी काळजी घेणं त्याचं काम होतं. सीट फाटली होती, बॅटरी उतरली होती. "मालकाच्या जबाबदारीवर" असा फलक लावला म्हणजे सांभाळणारा प्रत्येक वेळी सुटतो असं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका हॉटेलच्या प्रकरणात हे म्हटलं होतं. तिथं हॉटेलच्या माणसानं पार्किंगला घेतलेली पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. निष्काळजीपणा झाला असेल तर नुसत्या छापील ओळीनं जबाबदारी टळत नाही, असं ते सांगणं होतं.

जेवढं खरं देणं, तेवढं कोर्टात भरा

ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. आपण थोडं देणं लागतो, पण समोरचा दहापट मागतोय, असं असेल तर आपल्या हिशेबानं खरं जेवढं होतं तेवढं कोर्टात जमा करता येतं. तशी नोटीस समोरच्याला गेली की जमा केलेल्या रकमेवर पुढचं व्याज चढत नाही. आणि न्यायाधीशांना दिसतं की ही बाई पळणारी नाही.

वहिनींनी दिवसाच्या दरानं हिशेब केला. ९२ गुणिले २०, म्हणजे १,८४०. पासच्या दरानं ९०० झाले असते, पण पास नूतन केला नव्हता हे खरं होतं, म्हणून जास्तीचा आकडा धरला. गटानं तेवढंच कर्ज दिलं. अर्जावर २५,००० खोडून १,८४० लिहिलं आणि मी सही केली.

सोबत प्रतिदावा केला की गाडी परत मिळावी, आणि निकालापर्यंत ती तात्पुरती ताब्यात द्यावी असा अर्जही. अकराव्या दिवशी, दुपारी, कैफियत दाखल झाली. मी शिक्का बघितला आणि मग पाणी प्यायले.

कोर्टात उभं राहणं

पहिल्या तारखेला वहिनी आदल्या रात्री झोपल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं पिंजऱ्यात उभं करतील, ओरडतील. तसं काही झालं नाही. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचं ते कोर्ट. एक साधी खोली, बाकं, भिंतीवर पंखा. नाव पुकारलं की उभं राहायचं. पुकारा ऐकू येईल अशा ठिकाणी बसायचं, चहाला जाऊन पुकारा चुकवायचा नाही. मोबाइल बंद. न्यायाधीशांनी विचारलं तेवढंच बोलायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. पुढची तारीख लगेच वहीत लिहायची. आम्ही गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहायचो, कारण ते हरवत नाही.

तात्पुरत्या ताब्याच्या अर्जावर दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. पार्किंगवाल्याच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी १,८४० जमा असल्याचं पाहिलं, गाडी विकणार नाही असं वहिनींकडून लिहून घेतलं आणि गाडी द्यायला सांगितलं. त्या दिवशी वहिनी स्कूटी ढकलत गॅरेजपर्यंत गेल्या. बॅटरी बदलायला लागली. पण दुसऱ्या आठवड्यात माल पुन्हा जिल्ह्याला गेला.

लोकअदालत: सही करण्याआधी तीनदा वाचा

पुढं प्रकरण लोकअदालतीत ठेवलं गेलं. तिथं तडजोड होते, आणि दोघांची संमती असेल तरच. कुणी जबरदस्ती करू शकत नाही. तडजोड नाही झाली तर प्रकरण पुन्हा कोर्टात जातं, आपलं काही बिघडत नाही. झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा करणाऱ्यानं भरलेली कोर्ट फी त्याला परत मिळते. म्हणून समोरचाही तडजोडीला तयार होतो.

पण अपील नाही, हे नीट ऐका. नंतर घरी येऊन "मला कळलं नव्हतं" म्हणून चालत नाही. रक्कम किती, कधी द्यायची, आणि "या दाव्यातलं आता काही येणं-देणं उरलं नाही" ही ओळ आहे का, हे वाचूनच सही करा. वाचता येत नसेल तर विश्वासातल्या बाईला सोबत न्या आणि मोठ्यानं वाचून घ्या.

पार्किंगवाला आधी १२,००० वर आला, मग ६,००० वर. वहिनी म्हणाल्या, "दादा, तुमचे २० रुपयांप्रमाणे आहेत ते मी कोर्टात भरलेत. तुमची जागा माझ्यामुळं अडली, ते मी नाही म्हणत नाही. दंड मात्र देणार नाही." शेवटी २,५०० वर मिटलं. १,८४० जमा होते, वरचे ६६० वहिनींनी तिथंच दिले. बॅटरीचं मागणं त्यांनी सोडलं. गाडी कायमची त्यांची. कागदावर सह्या झाल्या, नक्कल मिळाली. ती आता प्लॅस्टिकच्या पिशवीत गटाच्या पेटीत आहे.

सगळ्यांना असाच निकाल मिळेल असं मी म्हणत नाही. कुणाच्या पासवर दंडाची अट ठळक छापलेली असेल, कुणाकडं पैसे घेऊन गेल्याचा पुरावा नसेल. निकाल कागदांवर ठरतो. आणि लहान रकमेच्या दाव्यात पुढं फार पायऱ्याही नसतात. २५,००० रुपयांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यात दुसरं अपील चालत नाही. म्हणून पहिल्या कोर्टातच सगळं नीट मांडायला हवं.

मैत्रिणींनो, हे फक्त पार्किंगचं नाही. हप्त्यावर घेतलेला फ्रीज, कुणाला राहिलेला जामीन, दुकानदाराची उधारी, कुठल्याही छोट्या पैशाच्या दाव्याला हीच रीत. कागद घ्या. तारीख लिहा. ३० दिवस मोजा. विधी सेवा समितीत जा. खरं ते मान्य करा, खोटं ते परिच्छेदागणिक नाकारा, आणि समोरच्याला हिशेब विचारा.

आज रेडिओ बंद केल्यावर एक काम करा. डब्याखाली, देव्हाऱ्यामागं, ट्रंकेच्या तळाशी असं एखादं न उघडलेलं पाकीट असेल तर बाहेर काढा. वाचता येत नसेल तर गटाच्या बैठकीत घेऊन या. लाजू नका. आमच्याकडं वहिनींनंतर तीन जणींनी अशी पाकिटं आणली. एकीचं तर निघालं नुसतं बँकेचं खातं अपडेट करायचं पत्र, आणि ती बिचारी दोन महिने जेवली नव्हती धड.

आणि हो, वहिनींचं १,८४० चं कर्ज चार हप्त्यांत फिटलं. आता गटात कुणी कोर्टाच्या भीतीनं कर्ज मागितलं, की सचिव ताई पेन हातात घेण्याआधी वहिनींना हाक मारतात. वहिनी विचारतात, "समन्स कुठंय? तारीख लिहिली का त्याच्यावर?"